वैरागडे साहेबांनी सरकवलेला निंब

आमच्या आणि वैरागडे साहेबांच्या घराच्या मध्ये एकच भिंत आहे, तीही साडेचार इंची. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक आहे त्यातलं अर्धं भिंतीतून आलेलं आणि अर्धं मी विचारून घेतलेलं. ज्यांना वाटतं की हिला लोकांच्या घरातलं फार कळतं, त्यांनी सिंदीत येऊन आमची भिंत बघावी आणि मग बोलावं.

कृष्णकांत वैरागडे. वय बासष्ट. मोजणीच्या ऑफिसातून रिटायर. एप्रिल लागला की सिंदीतले सगळे शहाणे लोक कूलरमध्ये पाणी भरतात. आमचे साहेब त्याच मुहूर्तावर काळी छत्री, लाकडी पाटी, रंगांची डबी आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन सायकलवर वावरात जातात. वावरात तेव्हा काय असतं? काही नसतं. कापसाची पऱ्हाटी उपटलेली, तूर कापलेली, गुरंही सावली बघून उभी. त्या काही नसण्यासमोर हा माणूस चार तास बसतो.

"लोकांचे नवरे रिटायर झाले की घरात बसून डोकं खातात," सुनीतीवहिनी म्हणतात. "माझा उन्हात बसून खातो."

साहेब मूळचे आष्टीकडचे. चित्राचा नाद कुठून लागला असं मी विचारलं, तर म्हणाले, किराणा दुकानाच्या कॅलेंडरावरून. बर्फाचा डोंगर, खाली निळं तळं, तळ्यात उलटा डोंगर. आठवडी बाजाराच्या दिवशी वडील मीठ-मिरची घेईपर्यंत हा पोरगा त्या डोंगराकडे बघत बसायचा. गावात डोंगर नाही, बर्फ फक्त गोळेवाल्याकडे. मग शाळेत बुटे मास्तर आले. ड्रॉइंगचे. त्यांनी पोरांना गावाबाहेर काढलं आणि म्हणाले, "जे समोर हाय ते काढा." कृष्णकांतनं नाल्यापर्यंतची सगळी बाभळीची झाडं मोजली. एकवीस भरली. एकवीस काढली. मास्तरांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "कृष्णा, तू मोजून राह्यला. पाहून नाई राह्यला."

हे वाक्य साहेब मला आजवर पंधरा वेळा तरी सांगून बसलेत. दर वेळी चिडतात. एकवीस झाडं होती तर एकवीसच काढणार ना, म्हणतात.

एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, दोन्हींत ए ग्रेड. पुढे नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. वडिलांनी विचारलं, "तिथून बाहेर निघालेला माणूस काय करते?" याचं उत्तर कृष्णकांतला देता आलं नाही. अजूनही येत नाही. त्यामुळे मोजणीच्या ऑफिसात ट्रेसर. जुने गावनकाशे फाटायला आले की त्यांच्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघेवर रेघ गिरवायची. धुरा, पांदण, नाला, विहीर. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधला बांध, आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं याच वस्तूवरून होतात. पस्तीस वर्षं साहेबांनी दुसऱ्यांचे धुरे गिरवले आणि रेघ सुतभर हलू दिली नाही. नाल्यावर निळा हात फिरवायचा, बागायतीवर हिरवा, कुठे डाग नको, कुठे कड नको. पाणी किती, रंग किती आणि हात कुठे उचलायचा, हे सगळं तिथेच शिकलो, म्हणतात. एका फार जुन्या नकाशावर कुणीतरी आमराईतलं एकेक झाड नखाएवढं काढलेलं होतं, पानांसकट. काढणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. साहेब त्या माणसाला गुरू मानतात. मी म्हटलं, गुरुपौर्णिमेला हार कुठे घालता मग? तर दोन दिवस मागच्या दारानं ये-जा केली.

आता त्यांची चित्रं. एकूण एक काळ्या मातीची. आणि काळ्या रंगाची नळी मात्र घरात नाही.

"काळ्या मातीत काळा रंग नसते, वहिनी," साहेब मला म्हणाले.

"मग काय पांढरा असते काय?"

"निळा असते. तांबडा असते. पाणी पडून गेल्यावर जांभळा असते. काळा तेवढा नसते."

ज्या वावरात बसतील तिथली चिमूटभर माती ओल्या बोटानं कागदाच्या कोपऱ्यावर घासतात आणि मग निळा आणि तांबडा एकमेकांत मिसळत मिसळत त्या डागापर्यंत पोचायचा प्रयत्न करतात. तीस चित्रांपैकी चारदा पोचले, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या सव्वीस वेळी साहेबांना सुनीतीवहिनींच्या जेवणात मीठ जास्त लागलं.

चित्रात माणूस नाही. मी विचारलं, काऊन नाई? म्हणाले, "माणसं हलतात. झाडं हलत नाहीत."

हे वाक्य लक्षात ठेवा.

सिंदीत त्यांची चित्रं बघायला कुणी आलं की दर वेळी एकच गोष्ट होते. माणूस चित्राजवळ जातो, मान वाकडी करतो आणि विचारतो, "हे कोणाचं वावर होय जी?" मग दुसरा सांगतो कोणाचं. मग तिसरा सांगतो की त्याच्या बापानं ते कोणाकडून घेतलं. मग चहा येतो. रंगाबद्दल एक अक्षर नाही. पुण्याचा मुलगा निशांत, तोही म्हणाला, "बाबा, फ्लॅटमध्ये लावायला जरा रंगीत काढा ना, सनराइज वगैरे." साहेब भिंतीपलीकडे दीड तास येरझारा घालत होते. मी मोजल्या नाहीत, पण चपलेचा आवाज येत होता.

तीन वर्षांपूर्वी बावीस चित्रं नकाशाच्या जुन्या पत्र्याच्या नळीत घालून ते पॅसेंजरनं नागपूरला गेले. तिथे चारुता नावाची एक मुलगी विदर्भातल्या चित्रकारांची प्रदर्शनं भरवते. तिनं सगळी बावीस शांतपणे पाहिली आणि म्हणाली, "काका, हात फार सुंदर आहे तुमचा. पण हे नकाशे आहेत. यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कुठे आहे म्हणे!" साहेब अंगणात उभे राहून ओरडले. "मी काय वावरात बुजगावणं होऊन उभा राहू?"

पण खरं दुखलं होतं ते वेगळंच. आष्टीत एका मास्तरानं सांगितलेली गोष्ट पंचेचाळीस वर्षांनी नागपुरात एका पोरीनं पुन्हा सांगितली होती. मधल्या सगळ्या वर्षांचं काय केलं मग? आता त्यांना एकच पाहिजे होतं. आपलं एक चित्र, एकदा तरी, कुणीतरी चित्र म्हणून बघावं. वावर म्हणून नाही, नकाशा म्हणून नाही.

गेल्या मे महिन्यात ते शेजारच्या गावात महादेवरावांच्या वावरात बसत होते. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथूनच तुरीची डाळ येते आणि ती पुढेही यायला हवी. महादेवरावांच्या वावराला लागून त्यांच्या पुतण्याचं, चंदनचं वावर. मध्ये धुरा, धुऱ्यावर मोठा कडुनिंब. हा निंब साहेब बसत तिथून बरोबर विहिरीच्या समोर यायचा आणि चित्राचे दोन तुकडे करायचा. चारदा काढलं, चारदा फाडलं. पाचव्यांदा घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्यानंच. मला वाटलं ऊन लागलं. कंपाउंडपाशी आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आज मी एक झाड सरकवलं."

"अरे बाप्पा! परवानगी काढली काय?"

"सात हात. उजवीकडे." आणि त्यांनी चित्र दाखवलं.

मी चेष्टेखोर बाई आहे, पण डोळे काही चेष्टा करत नाहीत. निंब बाजूला झाला होता आणि मधली सगळी माती मोकळी झाली होती. नुसती माती. विहिरीपासून पार पळसांच्या रांगेपर्यंत बघणाऱ्याची नजर कुठे अडकत नव्हती. मी चित्र हातातून सोडेना. साहेबांनी तेवढ्यावरून काय ते ओळखलं. त्या दिवशी जेवले मात्र नाहीत. कुणाच्या खिशात हात घातल्यासारखे बसून राहिले.

जूनमधल्या वादळात निंब पडला. लाकूड देवळाच्या पंगतीला जळलं आणि पेरणीआधी ट्रॅक्टरनं धुराही सपाट झाला. दिवाळीत चारुता स्वतः सिंदीला आली. सगळी चित्रं पाहून झाल्यावर तिनं तेच एक उचललं. "हे द्या काका. जानेवारीत लावू. प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी मात्र माझ्या हातात हवं." साहेबांनी तिला गेटपर्यंत सोडलं आणि परत येताना गेट लावायलाच विसरले. कुत्रं आत आलं.

इथपर्यंत सगळं बरं होतं. यापुढचं माझ्यामुळे झालं. मी नाकारत नाही.

जानेवारीत रुख्माबाई, म्हणजे महादेवरावांची बायको, डाळ घेऊन आल्या. चंदन रानडुकरांसाठी तारेचं कुंपण घालत होता आणि महादेवरावांच्या मते ते त्यांच्या हद्दीत घालत होता. "निंबच गेला बाई," रुख्माबाई म्हणाल्या, "आता धुरा कुठी होता हे कोण सांगन?"

मी डाळीतला खडा काढत म्हटलं, "निंब कुठं गेला? आमच्या साहेबांच्या भिंतीवर उभा हाय."

म्हटलं आणि विसरले. सात हातांचं तेव्हा आठवलंच नाही.

मंगळवारी महादेवराव मोटरसायकलवर आले. साहेब फ्रेमवाल्याकडे गेलेले. सुनीतीवहिनींनी चहा दिला, आणि "उद्या आणून देतो" म्हटल्यावर चित्रही दिलं. वहिनींना चित्रातलं झाड ठाऊक, पण ते सरकलेलं आहे हे नाही. साहेबांनी ते फक्त मला सांगितलं होतं, आणि जगात मी न सांगितलेली ती एकच गोष्ट होती.

गुरुवारी गावच्या तंटामुक्ती समितीची बैठक लागली. साहेब निघाले तेव्हा रागानं कानापर्यंत लाल. सुनीतीवहिनी आणि मी मागून ऑटोनं गेलो. मला जाणं भागच होतं, माझंच काम होतं ते. समाजमंदिरात टेबलावर चित्र उभं ठेवलेलं, खाली विटेचा टेकू. समितीचे अध्यक्ष धीरजभाऊ हातात टेप घेऊन उभे. चित्रातल्या निंबाच्या हिशेबानं धुरा चंदनच्या वावरात सात हात आत जात होता. महादेवराव मिशीवरून हात फिरवत होते आणि चंदन फुगून बसला होता.

"निंब तिथं नव्हता," साहेब उभ्या उभ्याच म्हणाले.

"म्हणजे?"

"मी सरकवला."

सगळे चित्राकडे वळले. मग धीरजभाऊ हसले. "साहेब, चेष्टा नका करू. पस्तीस वर्षांत तुमची रेघ हलली नाई, आन तुमी झाड हलवलं म्हणता?"

"हलवलं."

चंदन उठला. "कोणाच्या सांगण्यावरून हलवलं?"

"कोणाच्याच नाही. चित्रासाठी."

"चित्राले काय लागते जी? झाड हाय तसं काढा न!"

"मध्ये येत होतं. विहीर झाकली जात होती."

चंदननं काकाकडे बोट दाखवलं. "म्हणजे मोठ्या बाबाची विहीर दिसावी म्हणून माह्या वावरात झाड? डावीकडं काऊन नाई सरकवलं?"

"डावीकडे विहीरच होती ना, बापा!"

लोक हसले. साहेब नाही हसले. मी पुढे होऊन म्हटलं, "हे खरं हाय. मले त्यांनी मे महिन्यातच सांगितलं होतं."

धीरजभाऊ हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुमी बसा. तुमचं आमी नंतर ऐकू." आणि सगळं समाजमंदिर साहेबांच्या निंबाला हसलं नव्हतं इतकं मला हसलं.

"मोजणीचा अर्ज करा," साहेब म्हणाले. "सरकारी माणूस येईल, मोजून देईल."

"मोजणीवाला माणूसच तर समोर उभा हाय. तुमी काढलेलं तेच खरं, साहेब. आता तुमी कायले भिऊन राह्यले?"

महादेवरावांनी मान डोलावली. "मोठा माणूस हाय. पुतण्याले वाईट वाटू नाई म्हणून खोटं बोलून राह्यला."

मी साहेबांकडे पाहिलं. जन्मभर या माणसाला लोकांनी मोजणीवाला म्हटलं. आता तो ओरडून सांगत होता की मी चुकवलं, मुद्दाम चुकवलं, मला तसं दिसलं म्हणून चुकवलं, तर त्याच्या चांगुलपणावर गाव खूश होत होतं. मागे बायकांच्या बाजूला रुख्माबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्या चित्राकडे बघत माझ्या कानात काहीतरी बोलल्या. मी हूं म्हटलं. तेव्हा माझं लक्ष भांडणात होतं.

शेवटी साहेबांनी पिशवीतून वही काढली. चित्राआधी त्याच जागी पेन्सिलनं काढलेलं कच्चं टिपण. निंब जागेवर, विहिरीपासून अकरा पावलं, पळसाची झाडं मोजून चौदा. सगळं गाव वावरात गेलं. साहेबांनी स्वतः अकरा पावलं टाकली आणि टाच रोवली. "इथं खणा." हातभर खणल्यावर निंबाचं जाडजूड मूळ लागलं. चंदनचं कुंपण बरोबर निघालं.

"पाहा!" धीरजभाऊ ओरडले. "साहेब चुकत नाईत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांची मान मात्र खाली होती. ज्या मोजण्यातून इतकी वर्षं सुटायचं होतं, त्यानंच पुन्हा पकडून आणलं होतं.

चित्र तेवढं लगेच मिळालं नाही. बैठकीचा कागद लिहायचा होता, पंचांच्या सह्या राहिल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी धीरजभाऊ स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. "आता कोनी याच्यावरून भांडण करणार नाई, साहेब. पक्कं करून आणलं."

वर्तमानपत्र निघालं. चित्राच्या आभाळात निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं: "सदर चित्रातील निंब जागेवर नाही. कोणीही ग्राह्य धरू नये." खाली पाच पंचांच्या सह्या, महादेवरावांची सही, चंदनची सही आणि समितीचा गोल शिक्का.

"आभाळात काऊन लिहिलं?" साहेबांचा आवाज भिंतीशिवायसुद्धा जेमतेम ऐकू आला.

"जागा तिथंच रिकामी होती न जी," धीरजभाऊ म्हणाले.

रविवारी साहेब ते तसंच नागपूरला घेऊन गेले. ठरलं होतं म्हणून गेले. चारुता नाही म्हणेल, परत येऊ, संपलं. पण चारुतानं वाचलं आणि आनंदानं उडीच मारली. लावलं की तिनं, आणि तेही अगदी दाराशी.

मंगळवारी सुनीतीवहिनी आणि मी पाहायला गेलो. गर्दी बाकी कुणाच्याच चित्रासमोर नव्हती, आमच्याच. लोक मोबाइल वर करून आभाळाचा फोटो काढत होते. शिक्का मोठा करून बघत होते. एक झब्बेवाले गृहस्थ साहेबांचा हात दाबून म्हणाले, "काय धाडस आहे! सरकारी भाषा आभाळावर! हे तुम्हाला सुचलं कसं?"

"मला नाही सुचलं. पंचांना सुचलं."

"वा!" गृहस्थ आणखी खूश झाले.

पूर्ण दिवसात माती कुणी पाहिली नाही. मी मोजत होते. साहेबांच्या शेजारी राहून मलाही सवय लागली आहे.

परतीच्या गाडीत साहेब खिडकीकडे तोंड करून बसले. नंतर फेब्रुवारी गेला, मार्च गेला. रंगाची डबी कपाटात. एप्रिल लागला, कूलर लागले, छत्री खुंटीवरच. सुनीतीवहिनींनी आधी सुटकेचा निःश्वास टाकला, मग त्यांनाच करमेना. घरात बसलेला नवरा काय असतो ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. कपाटातले डबे उंचीप्रमाणे लावले जात होते.

परवा मी कंपाउंडवरून डाळीचा डबा देत होते. साहेब समोर आले. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "रुख्माबाईची डाळ हाय. त्या दिवशी बैठकीत तुमचं चित्र पाहून काय म्हणत होत्या, माहीत आहे? म्हणे, निंब कुठंई असो, माती आमचीच हाय. वखर फिरवल्यावर तिसऱ्या दिवशी अशीच दिसते."

साहेबांच्या हातातला डबा तसाच राहिला.

"तिसऱ्या दिवशी?"

"हो. तिसऱ्या म्हणाल्या."

"तिसराच दिवस होता," साहेब म्हणाले. "सोमवारी वखरलं होतं. मी बुधवारी बसलो होतो." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "जानेवारीत म्हणाली ती हे? अन् तुम्ही आज सांगता? गावभर सगळं सांगत फिरता, धुरा सांगता, निंब सांगता, माझ्या चपलेचा आवाज सांगता, आणि हे एवढंच सांगायचं राह्यलं?"

खरंच होतं ते.

थोडं शांत झाल्यावर त्यांनी माझ्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा मध्येच थांबवून माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"वहिनी, यात तुम्ही तुमचं काही सरकवलेलं नाही ना?"

"नाही हो साहेब. शप्पथ."

ते डबा घेऊन आत गेले. मी भिंतीशी कान लावला नव्हता, पण ती साडेचार इंची आहे. आत सुनीतीवहिनी विचारत होत्या, काय झालं, कशाला ओरडलात. थोड्या वेळानं साहेबांनी मागच्या दारातून डोकं बाहेर काढलं आणि अजून चिडलेल्याच आवाजात मला म्हणाले, "तुमच्या त्या रुख्माबाईला विचारून ठेवा. यंदा वखर कोणत्या दिवशी घालणार. नेमका दिवस पाहिजे."